तासभर आधी

आमच्याकडे पाहुणे यायचे असले की बाबा सगळ्यात आधी गजराच्या घड्याळाला चावी द्यायचे. ते घड्याळ एरवी आतल्या खोलीत कपाटावर पडून असायचं आणि वेळही बरोबर दाखवायचं नाही, पण त्याची टिकटिक मोठी होती. बाबा ते बैठकीत आणून आईच्या खुर्चीमागच्या शोकेसवर ठेवायचे. आई नेहमी त्याच खुर्चीत बसायची. पाहुण्यांच्या कानावर काही पडलंच, तर त्यांची नजर आधी घड्याळाकडे जावी, एवढ्यासाठी ही सगळी मांडणी होती.

खरी टिकटिक आईची होती. मी शाळेत असताना तिच्या हृदयातली एक झडप काढून तिथे धातूची झडप बसवली होती. लहानपणी गावाकडे तिला सांधे सुजून ताप आला होता. तेव्हा तो कुणी फारसा मनावर घेतला नाही, आणि त्याच तापाने आतली झडप खराब करून ठेवली होती, हे कळायला तिचं लग्न, माझा जन्म आणि जिन्यात लागणारी धाप, एवढं सगळं व्हावं लागलं. नवी झडप उघडता-मिटताना वाजायची. रस्त्यावर वाहनं चालू असली की ते कळायचं नाही, पण दुपार शांत असली आणि पंखा बंद असला, तर शेजारी बसलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू यायचं. मला सवय झाली होती. आई कोणत्या खोलीत आहे, हे मला न बघता कळायचं.

हे लपवायचं कारण मी होते. हैदराबादेत आमच्याकडच्या मराठी लोकांची घरं मोजकी. विद्यानगरात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत जामबागला पोचायचं. आईला हृदयाचं दुखणं आहे म्हणजे मुलीलाही असणार, असा सरळ हिशेब लोक करतील, हे आई-बाबांनी ऑपरेशनच्या आधीच गृहीत धरलं होतं. नातेवाइकांना पित्ताशयातले खडे काढले असं सांगितलं गेलं. आई उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचे ब्लाउज घालायला लागली, आणि रक्त पातळ करायची रोजची गोळी कुणासमोर घेईना. बाबांना खोटं बोललेलं आवडायचं नाही, म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला होता. ते म्हणायचे, "लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं."

ऑपरेशननंतर घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून घेतलं. ते सिस्टरांशी तेलुगूत बोलत आणि आई-बाबांशी मोडक्या हिंदीत. पण महत्त्वाचं सांगायचं झालं की इंग्रजीवर येत आणि माझ्याकडे बघत. बाबांना इंग्रजी वाचता यायचं, पण टेलिफोन खात्यातल्या कागदांचं इंग्रजी वेगळं आणि डॉक्टरांचं वेगळं. मी इंग्रजी शाळेतली. मला इंग्रजी सगळं कळायचं, आणि ते मराठीत सांगायची वेळ आली की शब्द सापडायचे नाहीत. मराठी मी तेव्हा बोट ठेवून वाचायचे.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. माणसाच्या तोंडात जंतू नेहमीच असतात. दात काढताना, हिरडी खरवडताना, जिथे रक्त येतं तिथून ते आत शिरतात. धडधाकट हृदय त्यांना टिकू देत नाही. बसवलेली झडप मात्र परकी असते, आणि तिच्यावर जंतू एकदा बसले की तिथून हटवणं फार कठीण. म्हणून दाताचं कुठलंही काम करायच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा मोठा डोस घ्यायचा, आणि कुठल्याही डॉक्टरने हात लावायच्या आधी त्याला झडपेचं सांगायचं. तासभर आधी, हे त्यांनी माझ्याकडे बघून परत म्हटलं. त्यांची एक पेशंट अशीच कुणाला न सांगता दाढ काढून आली होती आणि काही आठवड्यांनी तापाने फणफणत परत आली होती. तिचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी अडखळत मराठी केलं. झडपेवर जंतू बसतात, म्हणाले. आईला ते माशा बसतात तसं वाटलं असावं, कारण तिने नाक मुरडलं. बाबांनी मात्र लगेच मान हलवली. "विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना," ते आईला म्हणाले, "तसं समज. त्यात काडीकचरा अडकला की तो नीट मिटत नाही, पाणी खाली पळतं, पंप नुसता फिरतो." आई शेतकऱ्याची मुलगी. तिला ते चटकन कळलं. दात नीट घासायचे म्हणजे झालं, ती म्हणाली. मी ते डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले की अर्धं काम तेवढ्यानेच होतं.

आईने दात नीट घासले. पण खालची एक दाढ आधीपासून किडलेली होती, आणि ती दाखवायची म्हणजे नव्या दवाखान्यात सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. तिथल्या बाकावर आपल्यातलं कुणी बसलेलं असलं तर? म्हणून ती गालात लवंग धरायची. वर्षं गेली, दाढेचा एक तुकडा पडला, ती हलायला लागली, आणि लवंग चालूच राहिली.

मला स्थळं यायला लागली ती साधारण त्याच सुमाराला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल बोलून रेकॉर्ड केलेलं असायचं. ते हेडफोन लावून ऐकायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं. हे काम शहरात तेव्हा नवीन होतं. मला ते आवडायचं, कारण दिवसभर कुणाशी बोलावं लागायचं नाही. लोकांना त्यात कॉम्प्युटर आणि अमेरिका एवढंच ऐकू यायचं. एकदा माझ्या वाट्याला बसवलेल्या झडपेची केस आली. दात काढल्यानंतर कित्येक दिवसांनी सुरू झालेला बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरत गेलेलं वजन, मग एक हात लुळा पडणं. डॉक्टरचा आवाज शेवटपर्यंत एका पट्टीत होता. मी टाइप करून पुढच्या फाइलवर गेले, पण घरी आल्यावर बाबांना म्हटलं की आईची दाढ दाखवायलाच हवी.

बाबा म्हणाले, "एवढं एक जमू दे. ठरलं की मग दाखवू, आणि सांगायचं ते सांगू."

'एवढं एक' म्हणजे बरकतपुऱ्यातलं स्थळ. ते जामबागच्या मावशींनी आणलं होतं. त्या नात्याने मावशी नव्हत्या, पण आमच्याकडच्या निम्म्या लग्नांत त्या मध्ये असत. मुलगा एका नव्या खाजगी बँकेत होता. त्याचा मोठा भाऊ दातांचा डॉक्टर, आणि घराच्या तळमजल्यावरच त्याचा दवाखाना. बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडे झाला, घड्याळाची टिकटिक झाली, पत्रिका जुळली, आणि मावशी निरोप घेऊन आल्या की आता तुम्ही घर बघायला या.

त्या रविवारी आईची दाढ सकाळपासून ठणकत होती. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण भाकरी वरणात कुस्करून खाल्ली. ऑटोत बसताना तिने पदराच्या टोकाला लवंगा बांधून घेतल्या.

बरकतपुऱ्याच्या घरात आमची फार चांगली सरबराई झाली. मुलाची आई मोठ्या आवाजाची, मोकळी बाई होती. तिचंही माहेर नांदेडकडचं, शेतीवाडीचं. चिवडा, भजी, उस्मानिया बिस्किटं, मग चहा. मुलगा एका कोपऱ्यात बसला होता, मी दुसऱ्या, आणि आम्ही दोघंही एकाच टीपॉयकडे बघत होतो. आई बिस्किट चहात बुडवून उजव्या बाजूने हळूहळू चघळत होती.

मुलाच्या आईच्या ते लक्षात आलं. "ताई, तुम्ही तर काहीच खाईना झालात. दात दुखायलाय का?"

आईने नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळू नये अशी. जामबागच्या मावशी हसल्या. घरात दातांचा डॉक्टर आणि पाहुणीने बिस्किट बुडवून खायचं, म्हणाल्या. तेवढ्यात थोरला मुलगा उठलाच. आई नको म्हणत राहिली. आज रविवार आहे, दवाखाना बंद असेल, पुन्हा कधीतरी येते. मग मुलाची आई तिचा हात धरून म्हणाली, "विहीणबाई, अजून म्हणायचं नाही, पण म्हणते. आमच्या पोरावर भरवसा नाही का तुमचा?"

त्यानंतर नाही म्हणणं शक्य नव्हतं. आम्ही सगळेच जिना उतरलो. आमच्यात डॉक्टरकडे कुणी एकटं जात नाही, आणि इथे तर निम्मं नातं जुळलेलं होतं. मुलाची आई आणि मावशी दारात उभ्या राहिल्या, बाबा भिंतीजवळ, मी खुर्चीच्या पायाशी. नवरा मुलगा तेवढा वरच थांबला होता. खुर्ची नवी होती, बाहेरून मागवलेली, बटण दाबलं की आपोआप मागे कलणारी. डॉक्टरने दिवा ओढला आणि एसी लावला. एसी घरघरायला लागला तेव्हा आईचे खांदे किंचित सैल पडले. आता आवाज ऐकू जाणार नव्हता.

"काकू, बीपी, शुगर?"

"काही नाही."

"हार्टचं वगैरे?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते. "नाही," आई म्हणाली.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"नाही."

त्याने आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की मूळ सडलंय, दाढ ठेवण्यात अर्थ नाही, तशीही ती लोंबतेच आहे. इंजेक्शन दिलं की कळणारसुद्धा नाही. नंतर कॅप्सूल लिहून देतो, त्या घरी घ्यायच्या. मग तो हात धुवायला वळला.

आईने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले. तिने आधीच सगळा विचार करून ठेवला होता. "तेच औषध देणार आहेत," ती कुजबुजली. "घरी गेल्यावर घेते. काही होत नाही."

तिला खरंच तसं वाटत होतं. औषध तेच, घेणारी तीच, मग थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं? बाबांनीही तिचं बोलणं ऐकलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या, गप्प राहा अशा. नळाचं पाणी बंद झालं. डॉक्टरने हातमोजे चढवले, बाटलीतून औषध सुईत ओढलं, सुई उजेडात धरून टिचकी मारली. मी त्याच्या हाताकडे बघत होते. इस्पितळातल्या त्या खोलीत मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसले होते, आणि डॉक्टर दुसऱ्यांदा म्हणाले होते, तासभर आधी. ते वाक्य त्यांनी मला सांगितलं होतं. आई-बाबांपर्यंत ते माझ्या अर्धवट मराठीतून पोचलं होतं, आणि वाटेत त्यातला 'आधी' कुठेतरी हलका झाला होता.

"तोंड उघडा काकू."

मी बोलले ते इंग्रजीत. जशी दिवसभर टाइप करायचे तशाच भाषेत, एका दमात: हिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आणि अँटिबायोटिक दिलेलं नाही. माझाच आवाज मला रेकॉर्ड केल्यासारखा वाटला. डॉक्टरचा हात आईच्या ओठांपाशी थांबला. मग तो मागे गेला आणि सुई त्याने ताटलीत ठेवली. त्या ताटलीचा आवाज एसीपेक्षा मोठा झाला.

"काय म्हणाली ती?" दारातून मुलाच्या आईने विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. इंग्रजीत सांगून मला वाटलं होतं की माझं काम झालं, आता तो बघून घेईल. पण प्रश्न मराठीत आला होता, आणि विचारणारी बाई काही चुकीचं विचारत नव्हती.

"आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे," मी म्हणाले. "आधी औषध घेतल्याशिवाय तिच्या दाताला हात लावायचा नाही."

आईने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरने हातमोजे काढले. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मी विचारलं होतं."

"हो," बाबा म्हणाले.

"आत्ता दाढ काढली असती तर रक्त थांबता थांबलं नसतं. आणि थांबलं असतं तरी पुढे काय झालं असतं, ते मला कळलंसुद्धा नसतं. तुम्ही मला कशात घातलं असतं, माहीत आहे?"

मुलाची आई एक पाऊल आत आली. तिला अजून नीट उलगडलं नव्हतं. घरी जाऊन औषध घेतलं असतं तर काय झालं असतं, असं ती मुलाला विचारायला लागली. तो सांगणार, तेवढ्यात बाबाच बोलले, भिंतीवरच्या चित्राकडे बघत. "विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो, तसं आहे ते. जाळी आधी बसवावी लागते. कचरा आत गेल्यावर बसवून उपयोग नाही."

जाळीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच, तिथे उभ्या उभ्या, उमगलं होतं.

"आमच्या विहिरीवर होता," मुलाची आई म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चहा गार झाला असेल," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. मावशी तिच्या मागोमाग गेल्या.

आम्ही वर गेलो नाही. ऑटोत आई मधे बसली होती. सिग्नलला रिक्षा थांबून इंजिन बंद झालं तेव्हा तिची झडप भरभर वाजताना ऐकू येत होती. घरी आल्यावर तिने पदराच्या लवंगा सोडल्या, त्यातली एक तोंडात टाकली, आणि मग माझ्याशी बोलली.

"इंग्रजीत बोललीस ते ठीक होतं. त्याला कळायचं ते कळलं होतं. मराठीत परत कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं की सगळं सांगायचं असतं का?" ती म्हणाली. मग गालावर हात ठेवून, "दाढ तर तशीच राहिली."

तेच खरं होतं. दाढ तशीच होती आणि आता ती आधीपेक्षा जास्त दुखत होती. दुसऱ्या दिवशी बरकतपुऱ्याहून फोन आला. आम्हाला वाटलं नकार असणार, म्हणून बाबांनी रिसिव्हर माझ्याकडे दिला. फोन दातांच्या डॉक्टरचा होता. त्याने आईच्या हृदयाच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं, त्यांच्याशी बोलून परत फोन केला, रक्ताची तपासणी करून आणायला सांगितली आणि एक दुपार ठरवून दिली. लग्नाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. कॅप्सूल घरूनच घेऊन येऊ का, असं मी विचारलं. "नाही," तो म्हणाला. "इथे येऊन घ्या. माझ्यासमोर."

तो शब्द आम्हाला लागला. लागणारच होता. आई म्हणाली तिथे जायचं नाही, दुसरीकडे कुठेही जाऊ. बाबा म्हणाले दुसरीकडे परत पहिल्यापासून सांगावं लागेल. इथे निदान सांगून झालेलं आहे.

आम्ही गेलो तेव्हा दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरने मूठभर कॅप्सूल आईच्या तळहातावर ठेवल्या. या औषधाची कधी रिॲक्शन आली होती का, त्याने विचारलं. आई नाही म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हाच त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि तो आत गेला.

तो तास मला अजून आठवतो. एसी बंद होता. दुपारची रहदारी थांबलेली होती. बाबा फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. मी आईचा चेहरा बघत होते, पुरळ येतं का, श्वास लागतो का. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि मुलाची आई खाली आली. आईच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आता लपवायला आमचं ते घड्याळ नव्हतं आणि पंखासुद्धा लावलेला नव्हता.

बराच वेळ तिने ऐकलं. मग विचारलं, "हा आवाज त्याचाच का?"

"हो."

"बंद पडला तर कळतं का?"

"मला कळायचं कारण नाही," आई म्हणाली.

मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं, आणि हसावं की नाही हे तिला कळत नव्हतं. आईही थोडी हसली, दुखऱ्या बाजूला हात धरून. मग दोघी गंभीर झाल्या.

"आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, ताई."

"सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तुम्ही घरी बोलावलं असतं का?"

मुलाच्या आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि थोरल्याला हाक मारली, "झाला का रे तास? बाईला किती वेळ बसवून ठेवशील."

दाढ निघाली ती पटकन. रक्त मात्र लवकर थांबेना. आई कापसाचा बोळा दाताखाली घट्ट धरून बसली. तो लाल झाला की डॉक्टर दुसरा देत होता, आणि प्रत्येक वेळी बोळा उजेडात धरून बघत होता. रंग फिका व्हायला लागला तेव्हा त्याने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. काही आठवडे ताप मोजत राहा, त्याने निघताना मला सांगितलं. ताप आला तर आपल्या मनाने गोळ्या देऊ नका, सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या. फाटक धाकट्या मुलाने उघडलं.

मग ताप मोजणं सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ मी आईच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवायचे आणि तो खिडकीपाशी नेऊन फिरवत बसायचे. पाऱ्याची रेघ उजेडात एकदम दिसत नाही. ती सापडेपर्यंतचे क्षण मला नको वाटायचे. ऑफिसात हेडफोनमध्ये 'बारीक ताप' हे शब्द आले की मी टेप थांबवून घरी फोन करायचे. एका संध्याकाळी आईचं कपाळ मला गरम लागलं. मी घाबरून बाबांना हाक मारली, तेव्हा आई म्हणाली की मी आत्ताच गॅसपाशी भाकरी थापत होते, तू काय माझ्या मागे पोलीस लागल्यासारखी लागलीस.

याच दिवसांत जामबागच्या मावशी आल्या. त्या येणार म्हणून बाबांनी घड्याळ शोकेसवर आणून ठेवलं होतं. त्यांनी आधी पाणी घेतलं, मग चहा घेतला, मग सांगितलं की पत्रिका परत एकदा दुसरीकडे दाखवली आणि या वेळी ती जुळली नाही. बाबांनी मान खाली घातली. खरं कारण झडपेचंच ना, त्यांनी विचारलं. मावशी कपबशीशी चाळा करत म्हणाल्या की ते तर आहेच, पण तेवढंच नाही. मुलाच्या आईचं म्हणणं असं की बाई चांगली आहे, घर चांगलं आहे, पण मुलगी आगाऊ आहे. मोठी माणसं गप्प असताना मधेच बोलते.

मी दारात उभी होते. मला शाळेतल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात कमी बोलते म्हणून शेरा मिळाला होता. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. आधी नुसता श्वास, मग आवाज. ती छातीवर हात दाबून हसत राहिली आणि आतली झडप भराभर वाजत राहिली. मावशींना वाटलं घड्याळाचा गजर बिघडला. त्यांनी शोकेसकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज तिथून येत नाही.

ताप आला नाही. डॉक्टरने सांगितलेले आठवडे उलटले, तरी मी बरेच दिवस थर्मामीटर चालू ठेवला. हिरडी भरून आली आणि आई दोन्ही बाजूंनी खायला लागली.

पुढचं स्थळ आलं ते बऱ्याच महिन्यांनी. पाहुणे यायच्या आधी बाबा सवयीने कपाटावरचं घड्याळ काढायला स्टुलावर चढले. आई आरशासमोर केस विंचरत होती.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

"अगं, पण…"

"राहू द्या. आधीच सांगू."

बाबा स्टुलावरून उतरले. पाहुणे आले, बसले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. बोलणं सुरू व्हायच्या आधी असते तशी सगळ्यांची एक अवघडलेली शांतता पसरली होती. मुलाच्या वडिलांनी कान टवकारले. इकडेतिकडे पाहिलं, मग मनगट वर करून आपलं घड्याळ कानाशी धरलं.

"ते तुमचं नाही," आई म्हणाली, "माझं आहे."